गच्चीवरची कोरी जागा

२ फेब्रुवारी

आजपासून आमच्या गच्चीला शास्त्रीय महत्त्व आलं. कालपर्यंत तिथं शेवया आणि माझे बनियन वाळायचे.

हवामानाच्या एका संस्थेतून अक्षरा नावाची मुलगी जीप घेऊन आली. मूळची देगलूरची, म्हणून बोलणं आपलं. शिकली लांब, म्हणून हसणं जरा जपून. दोन माणसांनी जिन्यावरून एक पेटी वर चढवली. पेटीच्या डोक्यावर छत्रीसारखं झाकण, पोटात पंप. पंप दिवसरात्र हवा ओढतो आणि त्या हवेतली धूळ एका पांढऱ्या चकतीवर बसते. रोज सकाळी चकती बदलायची, जुनी डबीत बंद करून ठेवायची, एवढंच माझं काम. शास्त्राच्या इतक्या जवळ मी शाळेतल्या प्रयोगवहीनंतर आजच गेलो.

"आमचंच घर कसं काय सापडलं?" मी विचारलं.

"काका, शिरूर अनंतपाळच्या अगदी शेवटाला घर. मागं माळ, माळावर खडीचा क्रशर, पुढं रुंद होऊन राहिलेला रस्ता, बाजूच्या शेतात तुराट्या जाळून राहिले. इतक्या जातीची धूळ एका जागी मिळत न्हाई."

सोयरिकीला आलेले पाहुणेसुद्धा आमच्या घराबद्दल इतकं चांगलं कधी बोलले नव्हते.

अट एकच. गच्ची झाडायची नाही. झाडलं की खालची धूळ वर उडते आणि मोजणी बिघडते. माझी बायको शिवकांता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती माझ्या खांद्यालाही पोचत नाही, पण असे हात ठेवले की दार भरतं.

"आन् कुणी आलं की काय सांगू? कचरा न्हाई, शास्त्र पडलंय म्हणून?"

रात्री पेटीची घरघर खालपर्यंत येते. डोक्यावर एखादं मोठं जनावर झोपल्यासारखी.

६ फेब्रुवारी

चकती ठेवताना दुधासारखी, काढताना म्हशीच्या कानासारखी. मधे फक्त एक दिवस आणि एक रात्र.

"फुंकर"ला विषय मिळाला. लातूरच्या एका साप्ताहिकात मी बरीच वर्षं हे सदर लिहितो. दर आठवड्याला कुणावर तरी फुंकर घालतो. लोक म्हणतात चटका बसतो. उरलेल्या वेळात लग्नपत्रिका छापतो. खोटं दोन्हीकडं लिहावं लागतं, पत्रिकेत जास्त.

शिवकांतेनं आपलं अंथरूण हॉलमध्ये हलवलं. जिन्याच्या पायथ्याशी जुना पलंग आहे, त्यावर. कारण, माझं घोरणं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता ऐकू आलं?"

"तवा माझी झोप चांगली होती."

दोन उशा तिनं नेल्या, वर दिवाणावरचा लोडही नेला. निजामाच्या बेगमा झोपायच्या तसं उंच, बसल्यासारखं अंथरूण केलं आहे. मला काय, बीपीची आणि झोपेची अशा दोन्ही गोळ्या घेतल्या की क्रशर उशाशी आला तरी जाग येत नाही.

११ फेब्रुवारी

अक्षरा डब्या न्यायला आली. चहाबरोबर तिनं ढग समजावून सांगितला.

"नुसत्या वाफेचा थेंब होत न्हाई, काका. वाफेला बसायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, मिठाचा, धुराचा. प्रत्येक थेंबाच्या पोटात एक कण असतो."

"मग आमच्याकडं तर बारा महिने पूर यायला पाहिजे."

"तिथंच गोम हाय. पाणी तेवढंच, कण लई. एकेका कणाच्या वाट्याला इत्तुसं पाणी. थेंब बारीक राहतात, जड होत न्हाईत, पडत न्हाईत. ढग येतो, उभा राहतो, निघून जातो. दर वेळी असंच होतं असं न्हाई. कवा होतं आन् कवा न्हाई, तेच तर बघून राहिलो."

मला हे पटकन कळलं, कारण आमच्या घराण्यात हेच झालं. आजोबांच्या रानाच्या वाटण्या होत होत आता प्रत्येकाच्या वाट्याला बांध येतो, रान कुणालाच येत नाही. या आठवड्याचं शीर्षक ठरलं, ढगांच्या वाटण्या.

शिवकांता चौकटीला टेकून ऐकत होती.

"आन् जी ढगात जात न्हाई, ती धूळ?"

"जड असते ती खाली बसते, काकू. भांड्यावर, झाडावर, जे जे हलत न्हाई त्याच्यावर. बारीक असते ती आपण आत घेतो."

"आन् आत पाऊस पडत न्हाई," शिवकांता म्हणाली.

आम्ही हसलो. तीही हसली, मग तिला ठसका लागला तो लांबतच गेला. पदर तोंडाला लावून ती आत गेली. "फोडणीचा," आतून आवाज आला. गॅस बंद होता. पण बायका फोडणी मनातही देतात, हा माझा अनुभव आहे.

निघताना अक्षरानं एक काळी चकती उजेडात धरली. "ही एका दिवसाची, काका. छातीतली चकती अशी बदलता येत न्हाई."

छान वाक्य. सदरात माझ्या नावावर घालणार.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

लिहावं की नाही, विचार करून राहिलो. डायरीशी लाजायचं तर मग लिहायचं कुठं?

सकाळी वर गेलो. गच्चीला काळी शहाबादी फरशी आहे. झाडायची बंदी असल्यामुळं तिच्यावर सगळीकडं राखाडी थर बसलेला, पीठ चाळून पसरल्यासारखा सपाट. फक्त जिन्याच्या दाराशी, उंबऱ्याला लागून, भिंतीच्या कडेला एक जागा कोरी. गोलसर. माणूस मांडी घालून बसल्यावर जेवढी लागेल तेवढी. तिथली फरशी इतकी काळी की ओली वाटावी. पेटीकडं आणि कपड्यांच्या दोरीकडं जाणारी आमची रोजची पावलं सोडली तर आजूबाजूला पाऊल एकही नाही.

ती अक्काची जागा आहे.

अक्का म्हणजे मल्लम्मा, माझी थोरली बहीण. लग्न मोडून आली ती जन्मभर आमच्यातच राहिली. शेवटची काही वर्षं तिला दम्यानं आडवं होता येईना. आडवी झाली की पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं म्हणायची. मग उजाडायच्या आधी जिना चढून ती त्या भिंतीला टेकून बसायची. पाऊल टाकायला दम नसायचा, म्हणून उंबऱ्यावर बसून तशीच सरकत जागेवर जायची. कुणी मागं आलेलं खपायचं नाही. "बघायला येऊ नको. मी काय तमाशा हाय?" मागच्याच्या मागच्या दिवाळीला गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. जन्मभर बसायला फुरसत न मिळालेल्या बायकांना तेवढीच एक बैठक.

मी बुवा-बाबांची सालं काढणारा माणूस. मांजर असेल, असं स्वतःला सांगून खाली आलो.

मांजर मांडी घालत नाही.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी मुद्दाम बघून आलो. कोऱ्या जागेवर दिवसभराची धूळ बसली होती. सकाळी पुन्हा कोरी.

शेजारचे गुंडप्पा मामा कठड्यावरून डोकावले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी कधीतरी तिकीट फाडलेलं असतं. त्यांनी जागा पाहिली आणि टोपी सारखी केली.

"मल्लम्मा आली."

"मामा, काहीतरी बोलू नका."

"मी कायकू बोलू? तूच बघ. जिला जन्मभर हवा पुरली न्हाई, तिच्या जाग्यावर हवा ओढायचं मशीन आणून बसवलंस. येणार न्हाई तर काय करंल बिचारी?"

तर्कात खोट सापडेना, हीच तकलीफ.

शिवकांतेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"तुम्ही पहाटं वर गेला होता काय?"

"नाही. उजाडल्यावर, रोजच्यासारखा."

"मग पहाटं जाऊ नका. अक्काला आवडायचं न्हाई कुणी बघितलेलं."

जन्मभर जिच्याशी मिठाच्या बरणीवरून भांडली, तिची मेल्यावर वकिली. भाकरी मात्र एका बाजूनं करपली.

२३ फेब्रुवारी

काल रात्री झोपायच्या आधी त्या जागेजवळ तांब्याभर पाणी आणि एक फुलपात्र ठेवून आलो. याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत, पाहुणचार म्हणतात.

सकाळी तांब्या निम्मा. फुलपात्र धुऊन पालथं घातलेलं.

चिमण्या पाणी पितात. फुलपात्र पालथं घालत नाहीत.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं, थेंबाच्या पोटात कण असतो तसं. बरं वाटलं. अक्काला पाणी विचारायला शेवटी शेवटी मी घरी नसायचो, प्रेसमध्ये असायचो.

१ मार्च

आता रोजचं झालं. रात्री तांब्या ठेवतो, अक्काची जुनी घोंगडी ठेवतो, टेकायला पोत्याची घडी ठेवतो. सकाळी घोंगडी कडेला कडा जुळवून घडी घातलेली असते. अशी घडी अक्काच घालायची. तिनं शिवकांतेलाही मारून मुटकून तशीच शिकवली. दोघींच्या घड्या एकमेकींवर ठेवल्या तर ओळखू येत नसत.

कुणाला सांगत नाही. "फुंकर"मध्ये या आठवड्यात एका जटाधारी महाराजाची उडवली आणि रात्री बहिणीच्या भुतासाठी घोंगडी झटकली. माणसानं दोन्ही खाती सांभाळावीत.

शिवकांतेचं एक नवीनच. कपडे काढायला जिना चढताना ती तिसऱ्या पायरीवर थांबते आणि माझ्याशी काहीतरी बोलते. आज विचारलं, "पत्रिकेचा कागद आला का?" काल विचारलं, "गुंडप्पा मामांची म्हैस व्याली का?" उत्तराची वाट बघत कठडा धरून उभी राहते. पूर्वी भांडणसुद्धा चढता चढता व्हायचं. वय झालं की बायका प्रेमळ होतात म्हणतात, ते खरं असावं.

४ मार्च

हे मात्र चमत्कारिक आहे.

अक्काचा निळा पंप, तोंडात फवारा मारायचा, तिच्या औषधांच्या डब्यात तसाच होता. मुदत संपलेला, पण टाकवला नव्हता. आज डबा उघडला तर पंप नाही. वर गेलो तर भिंतीच्या कडेला, पोत्याच्या घडीखाली.

शरीर गेलं, दमा राहिला. कसली ही व्यवस्था? देवाच्या कारभारावर एक सदर व्हायला हवं.

पंप दाखवला तेव्हा शिवकांता कणीक मळायची थांबली. काहीतरी बोलणार असं वाटलं.

"तिथंच ठेवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "अक्काच्या येळंला तुम्ही निम्मे झाला होता. लिहिणं बंद, जेवण बंद. पुन्यांदा तसलं काही बघवणार न्हाई तुम्हाला."

"मी कुठं बघून राहिलो? तूच म्हणालीस, वर जाऊ नका."

"हाव. जाऊ नका."

८ मार्च

अक्षरा येऊन गेली. चकत्या बघून खूश. क्रशरची धूळ वेगळी कळते म्हणे, टोकदार. जाळलेल्या तुराट्यांची काजळी वेगळी, रस्त्याची वेगळी. मी म्हणालो, माणसाची जात कळत नाही त्यात? ती म्हणाली, "तेवढं एकच कळत न्हाई, काका."

जिन्यात मात्र ती माझी बाही धरून हळू आवाजात बोलली.

"काकूंना कवापासून हाय हे?"

"काय?"

"खोकला. धाप. बोलताना मधी थांबतात त्या. एकदा लातूरला छातीच्या डॉक्टरला दाखवा. क्रशरच्या खालच्या अंगाला घर हाय तुमचं."

या पोरीला मशीन सोडून साऱ्या जगाची काळजी. तरी शिवकांतेला विचारलं.

"धूळ कुणाला न्हाई?" ती म्हणाली. "पाडवा होऊ द्या. तुमच्या पत्रिका होऊ द्या. मग बघू."

पाडव्यानंतर जायचंच, असं ठरवलं. इथं लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

१२ मार्च

आज सूर्य पांढऱ्या ताटलीसारखा वर आला. डोळ्याला डोळा भिडवून बघता येत होतं. आभाळ हळद कालवल्यासारखं, आणि दुपारपर्यंत माळच नाहीसा झाला. क्रशरचा आवाज येत होता, क्रशर दिसत नव्हता. सावल्या पडेनात. सावली नसलेली माणसं रस्त्यानं जाताना कागदातून कापून काढल्यासारखी दिसत होती. कावळे भर दुपारी लिंबाच्या झाडावर एका ओळीत गप्प बसले होते, मयतीला येऊन निघायची वाट बघत असल्यासारखे.

अक्षराचा फोन आला. "वाळवंटाची धूळ हाय, काका. अरबस्तानाकडची, समुद्र वलांडून येते कधीमधी. वरची हवा तापवती, खाली ऊन अडवती, ढगाचं सगळं गणित फिरवती. चकती दोनदा बदला. आन् काकूंना घराबाहेर येऊ देऊ नका."

आतून शिवकांतेनं हाक मारली. "अहो." मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी उठणार एवढ्यात, "खिडक्या लावा." एक वाक्य दोन हप्त्यांत.

१३ मार्च

कोरी जागा आज रोजच्यापेक्षा मोठी. पाय लांब करून बसल्यासारखी. पाणी संपलेलं. भिंतीवर, डोकं टेकतं तिथं, एक तेलकट गोल उमटला आहे. बरेच दिवस टेकून टेकून पडलेला असावा. पिवळी धूळ चिकटली म्हणून आज दिसला.

अक्का उंच होती. हा गोल बराच खाली आहे. मेल्यावर माणूस खचत असेल.

खाली आलो तर शिवकांता ओट्याला दोन्ही हात टेकवून उभी. केसांत पिवळी धूळ. "खिडक्या लावल्या तरी आत आली बघा," ती म्हणाली.

१९ मार्च, पाडवा

गुढी मीच उभारली. ती वर आली नाही. "तुम्हीच करा, मी खालून हात जोडते." लिंबाची पानं आणि गूळ तिनं तळहातावर दिला, तेव्हा तिची बोटं सुजल्यासारखी वाटली. अंगठी निघत नाही म्हणाली. सणासुदीचं गोड खाऊन बायका भरतात.

पत्रिकांचा ढीग पडला आहे. सगळ्यांनाच याच महिन्यात संसार थाटायचे आहेत.

२१ मार्च

आज अंगणात गर्दी. पुढं गुंडप्पा मामा, मागं गल्लीतली माणसं, त्यांच्या मागं क्रशरवरची दोन-चार. म्हणणं एकच, मशीन काढा. गेल्या महिनाभरात तीनदा ढग आले आणि आमच्या घरावरून परत गेले. मशीन हवा ओढतं तसे ढगही ओढतं. आता तर मल्लम्माचं सुद्धा समाधान होईना.

मी खास "फुंकर"च्या ठेवणीतलं बोललो. म्हणालो, ढग ओढता आले असते तर मी टँकर लावून विकले नसते का? कुणी हसलं नाही. क्रशरवरचा एकजण जिन्याकडं निघाला.

तेवढ्यात शिवकांता दारात आली. चौकट धरून उभी राहिली.

"मशीन ढग," ती म्हणाली आणि थांबली. सगळे वाट बघत राहिले. "गिळत न्हाई." पुन्हा थांबली. मान खाली, खांदे वर-खाली होत होते. "हवेत काय हाय ते," पुन्हा थांबा, "दाखवतं. बघायची," आणि मग फार लांब थांबा, "भीती वाटती का?"

जिन्याकडं निघालेला परत फिरला. अशी तोलून मापून बोललेली शिवकांता मी प्रथमच ऐकली. तिच्या त्या थांब्यांवर पुढाऱ्यांनी शिकवणी लावावी.

माणसं पांगली. गुंडप्पा मामा तेवढे मागं राहिले. "बस बाई, खाली बस," ते तिला म्हणाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भुताचं राहू दे. हिला दवाखान्यात ने."

दोन माणसांनी तेच सांगितलं म्हणजे न्यायलाच हवं. छातीच्या डॉक्टरची शनिवारची वेळ मिळाली. ती चक्क "बरं" म्हणाली. वाद न घालता.

२७ मार्च

उद्या सकाळच्या एसटीनं लातूर. कागद, जुने रिपोर्ट पिशवीत भरून ठेवले. रिपोर्ट म्हणजे अक्काचेच, पण धुळीचा इतिहास एकच.

दुपारी अवकाळी ढग आले. गच्च, काळेनिळे, खालून पिवळी कड. सगळी गल्ली अंगणात उभी राहून वर बघत होती. वारा पडला. ढग माळावर येऊन उभे राहिले, म्हशी पाण्यात उभ्या राहतात तसे, हलेनात. मग मोजकेच थेंब आले, चिखलाचे. ओट्यावर पडले तिथं वाळून राखाडी कडी राहिली आणि कडीच्या मधोमध एक ठिपका. एवढं करून ढग गेले. मशीनवाल्या घरावरून, हे गुंडप्पा मामांनी सांगायला नको होतं.

शिवकांतेनं दारात बसल्या बसल्या एक थेंब तळहातावर घेतला होता. तो वाळेपर्यंत बघत राहिली.

"खरंच हाय बघा पोटात," ती म्हणाली.

ओठ जरा जांभळे वाटले. आभाळाचा रंग असावा. जेवली नाही. पण चेहरा मात्र कित्येक दिवसांनी निवांत.

"आज लई झोप येऊन राहिली," ती म्हणाली. "बरं वाटतंय. पश्चिमेची खिडकी तेवढी उघडी ठेवा, वारं येऊ द्या."

"धूळ येईल."

"येऊ द्या."

मी खिडकी उघडली. वर जाऊन तांब्या आणि घोंगडी ठेवून आलो. खाली आलो तोवर ती झोपली होती. उद्या डॉक्टरला काय काय सांगायचं ते तिच्याशी बोलायचं होतं, ते राहिलं. गोळ्या घेऊन झोपतो.

२८ मार्च, सकाळ

अक्का आली नाही.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उंबऱ्यापासून कठड्यापर्यंत धूळ एकसारखी. कोरी जागा भरून गेली, कुठं होती ते हाताला लावूनही कळेना. तांब्या काठोकाठ, पाण्यावर धुळीची साय. घोंगडी मी टाकली तशीच चुरगळलेली. निळा पंप पोत्याखाली.

हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं वाईटही वाटलं. रोज कुणासाठी तरी पाणी ठेवायची सवय लागली होती.

चकती बदलली. पंपाची घरघर आज फार मोठी वाटली. घर शांत असलं की वाटते तशी.

खाली शिवकांता अजून झोपलेली. लोड आणि एक उशी खाली पडली आहे, आणि ती सपाट, सरळ, आडवी. अशी आडवी झोपलेली तिला मी थंडीच्या आधीपासून पाहिलेली नाही. ना खोकला, ना छातीतली शिट्टी. मी चहा केला. तिचा कप झाकून उशाशी ठेवला. तिचा हात पलंगाबाहेर लोंबत होता, तो आत घेतला. पहाटेच्या फरशीसारखा गार. वर जाऊन अक्काची घोंगडी आणली, झटकली, तिच्या अंगावर घातली. अक्काला आता नको आहे.

एसटीला अजून वेळ आहे. पिशवी दाराशी ठेवली. आणखी थोडी झोपू दे. इतक्या महिन्यांची झोप आहे. उठली की पहिली बातमी देणार, तुझी अशील काही आली नाही आज.

खिडकी रात्रभर उघडी राहिली. टेबलावर, पिशवीवर, चहाच्या झाकणीवर बारीक धूळ बसून राहिली आहे. तिच्या उशीवर, कपाळावर. पापण्यांवरसुद्धा, केस न केस राखाडी. पुसायला हात पुढं केला होता. मागं घेतला. झोपमोड होईल.